गोदातीर, स्त्रीवाणी आणि महाराष्ट्र

मराठीत देशवाचक शब्दांच्या लिंगांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. भूमी स्त्रीलिंगी, देश पुल्लिंगी, राष्ट्र नपुंसकलिंगी. हे तिन्ही शब्द आपण एका दमात उच्चारतो आणि त्यांतील भेद व्याकरणकारांवर सोपवून मोकळे होतो. परंतु 'राष्ट्र' या शब्दामागे 'महा' लागताच मराठी माणसाच्या तोंडी तो पुरुष होतो, ही गोष्ट केवळ व्याकरणाची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. 'माझे महाराष्ट्र' असे आज सहसा कोणी म्हणत नाही. 'माझा महाराष्ट्र' असेच म्हणतात. उलट अखिल भारताचा विषय निघाला की तोच मराठी कवी लेकरू होऊन मातृभूमीच्या पायांशी बसतो. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला उद्देशून जे गीत रचिले, त्यातील भूमी माताच आहे. बंगाल्यात तर प्रांत आणि देश या दोहोंनाही मातेचेच रूप मिळाले. बंकिमचंद्रांची 'आनंदमठ' ही कादंबरी १८८२ साली ग्रंथरूपाने निघाली, आणि अवनींद्रनाथ ठाकुरांनी भारतमातेचे चित्र काढिले ते १९०५ साली, वंगभंगाच्या चळवळीच्या ऐन भरात. महाराष्ट्राची अशी मातृमूर्ती लोकांच्या मनात ठसली नाही.

ती न ठसण्यास आपली गीतेच साक्ष आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि त्यांचे शिष्य गोविंदाग्रज यांची महाराष्ट्रगीते, तसेच २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारले गेलेले राजा बढे यांचे गीत, या तिहींत संबोधिलेला महाराष्ट्र पुरुष आहे. गोविंदाग्रजांनी दगडांबरोबर फुलांचीही आठवण ठेविली आहे, आणि बढे यांच्या गीतात गोदावरीचे नाव येते, हे आम्ही विसरलो नाही. तथापि गीत संपल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात मागे उरतात ते कडा, किल्ला आणि घोडा. आपल्या प्रांताचे चित्र डोळ्यांपुढे आणा, असे कोणत्याही सुशिक्षित घरातील मुलास सांगितले तर तो बहुधा डोंगर काढील व त्यावर एक बुरूज काढील. कापसाचे शेत किंवा नदीचा उतार तो काढणार नाही.

आता हे चित्र बाजूस ठेवून गोदावरीकडे येऊ. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर नदीच्या उत्तर तीरी पैठण आहे. हेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. महाराष्ट्राच्या नावाने जी पहिली वाङ्मयभाषा भरतखंडात ओळखली गेली, ती महाराष्ट्री प्राकृत या राजवटीच्या आश्रयाने नावारूपास आली. आणि त्या भाषेतील सर्वांत जुना काव्यसंग्रह उघडला तर त्यात बोलणाऱ्या व्यक्ती बहुतांशी स्त्रिया आहेत, असे दिसते. आज पुरुषरूपाने मिरविणारा हा देश वाङ्मयात प्रथम बोलू लागला तो स्त्रीच्या मुखाने, असे आमचे म्हणणे आहे. ते मुख पुढे कसे आणि का झाकले गेले, याचाही थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम दगडावरील पुरावा पाहू. नाणेघाटातील नागनिकेचा लेख सर्वश्रुत आहे. सातवाहन राणीने यज्ञांची व दक्षिणांची जंत्री कोरविली, एवढे सांगून आम्ही पुढे जातो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो लेख आहे, तो मात्र आमच्या विषयाचा गाभाच आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलगा निवर्तल्यानंतर, नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिने त्रिरश्मी पर्वतावरील हे लेणे बौद्ध भिक्षुसंघास दान दिले आणि दानपत्रात आपल्या मुलाचे वर्णन कोरविले. त्याची सत्ता कोठे कोठे होती ते सांगताना असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर-अवन्ती अशी प्रदेशांची नावे येतात. यांतील मूलक म्हणजे ज्याची राजधानी प्रतिष्ठान होती तो देश. पाठोपाठ विंध्य, ऋक्षवत्, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र इत्यादी पर्वतांची नावे येतात. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असेही ती सांगते. सह्याद्रीसह दख्खनचा सबंध भूपट एका दमात उभा करणारा इतका जुना लेख आम्हांस दुसरा आठवत नाही, आणि तो एका वृद्ध आईच्या नावाने उभा आहे. त्या मुलाच्या गुणांत आईची अखंड सेवा करणारा हाही एक गुण नोंदविला आहे. राजाचे नावच मुळी आईच्या गोत्रनामावरून आलेले.

राज्यगीतात भीमेकाठच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजण्याची जी कल्पना आहे, तिचा आपल्या पौरुषास केवढा अभिमान वाटतो! परंतु घोड्यांनी दूरचे पाणी प्यावे ही विजयाची खूण नाशिकच्या लेण्यात एका मातेने सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच कोरून ठेविली होती. म्हणून डोंगर पुरुषांचा आणि नदी स्त्रियांची अशी सोपी वाटणी आम्ही करू इच्छीत नाही. या लेखात डोंगरांची नावे बाईच घेते आहे. हेही सांगितले पाहिजे की तिच्या लेखात शक, यवन, पह्लव यांच्या संहाराचा आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविल्याचा अभिमान आहे. स्त्री बोलली म्हणजे ती सौम्यच बोलेल, असे मानणे हा तिच्यावर पुरुषांनी लादलेला आणखी एक अलंकार होय.

लेण्यातून गावात उतरावयाचे तर हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेली गाथासप्तशती हाती घ्यावी. एक कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असे त्या ग्रंथातच म्हटले आहे. कोटीचा आकडा काव्याचा आहे हे उघड आहे. पण लोकांच्या तोंडी असलेल्या पुष्कळ रचनांतून ही निवड झाली, एवढा अर्थ त्यातून निश्चित निघतो. ग्रंथाचे सगळे हस्तलिखित पाठ सारखे नाहीत. आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने निरनिराळ्या पाठांतील गाथा एकत्र केल्या तेव्हा त्यांची संख्या ९६४ भरली, आणि सर्व पाठांत समान अशा ४३० च निघाल्या. तेव्हा हा संग्रह एका काळाचा नाही, शतकानुशतके त्यात भर पडत गेली आहे. तरी सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी सातवाहनाच्या या सुभाषितकोशाची थोरवी गायिली आहे, यावरून त्याची कीर्ती तोवर उत्तरेत पोचली होती हे सिद्ध आहे.

या गाथांत राजवाडा जवळजवळ नाही. गाव आहे, गावाचा पाटील आहे, शेतकरी, गुराखी, व्याध, वाटसरू आहेत. आणि बहुतेक गाथांत बोलते ती त्यांची बायको, सून, मुलगी, मैत्रीण, नाहीतर आत्या किंवा मामी म्हणून जिला हाक मारावी अशी कोणी जाणती बाई. भूमीचे वर्णन येते ते या बायांच्या कामातून आणि काळजीतून. एका गाथेत साळीचे शेत पिकून पांढरे पडू लागले म्हणून एक तरुणी मान खाली घालून रडते आहे. कापणी झाली म्हणजे भेटीची जागा गेली. तिची सखी तिला दाखविते की पलीकडे तागाची शेते फुलून, तोंडास हरताळ फासलेल्या नटींसारखी उभी आहेत. पिकांचा क्रम ऋतुवर्णनासाठी सांगितलेला नाही. एका आडोशानंतर दुसरा आडोसा कधी तयार होतो, याचे ते पंचांग आहे. दुसऱ्या एका गाथेत कापसाच्या शेतात पहिला नांगर घालण्याच्या मंगल दिवशी नांगराची पूजा करताना एका बाईचा हात कापतो, कारण त्या शेतात पुढे झाडे उंच झाल्यावर काय घडावे याची स्वप्ने तिच्या मनात आत्ताच दाटली आहेत. काळ्या जमिनीच्या या मुलखात कापूस किती जुना आहे, याचा असा पुरावा कोणत्याही सरकारी गॅझेटियरात सापडणार नाही.

गोदावरीला या ग्रंथात 'गोला' म्हणतात. तिच्या महापुराला आणि पावसाळ्यातील मध्यरात्रीला एका गाथेत साक्षीदार केले आहे: त्या पुरुषाचे भाग्य आणि त्या स्त्रीचे, बायकांस न शोभणारे म्हटले गेलेले, साहस त्या दोघींनाच ठाऊक. नदी येथे देवता नाही. तीर्थमाहात्म्य तिच्यावर अजून चढावयाचे आहे. ती ओलांडावयाची वस्तू आहे, आणि ती ओलांडण्याचे धैर्य कोणापाशी आहे हा प्रश्न आहे.

याहून प्रसिद्ध गाथा ती, जिच्यात एक स्त्री फुले तोडावयास येणाऱ्या धार्मिक गृहस्थास म्हणते की आता निर्धास्त हिंडा, तुम्हांला त्रास देणाऱ्या कुत्र्यास गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने आजच मारून टाकिले. बोलणे निमंत्रणाचे, अर्थ हाकलून देण्याचा. कारण ती जाळी तिच्या संकेताची जागा आहे. तेथे खरोखर सिंह होता की नाही हे तिच्या दृष्टीने गौण. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने आपला ध्वनिसिद्धान्त मांडताना याच गाथेचे उदाहरण घेतले, आणि अकराव्या शतकात महिमभट्टाने तो सिद्धान्त खोडण्यासाठीही हीच गाथा उलटून पालटून तपासली. काश्मीरच्या पंडितांनी गोदावरी पाहिली असेल किंवा नसेल; पण काव्यात सांगितलेल्यापलीकडचा अर्थ कसा उमटतो हे शिकविण्यासाठी त्यांना गोदाकाठच्या एका बेरकी बाईवाचून चालले नाही.

आणखी एकाच गाथेचा उल्लेख करून हा भाग आवरतो. गरिबाच्या घरी गर्भवती बायकोला नवरा पुन्हा पुन्हा विचारतो, तुला काय खावेसे वाटते? तो अडचणीत पडू नये म्हणून ती प्रत्येक वेळी एकच उत्तर देते: पाणी. ज्या मुलखात ही गाथा निवडली गेली, त्या मराठवाड्यात पाणी ही स्वस्त वस्तू उरली नाही. पैठणास जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली ते पुरे झाले; त्यानंतरही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे या जिल्ह्यात आहेत, आणि वाट पाहत उभ्या असतात त्या बहुधा बायाच.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. या गाथा रचणारे बहुतेक पुरुषच नव्हेत काय? स्त्रीच्या तोंडी शब्द घालून रसिकांच्या सभेत टाळ्या घेण्याची रीत आपल्याकडे पुरातन आहे. टीकाकारांनी गाथांच्या कर्त्यांची जी नावे दिली आहेत, त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी काही स्त्रियांची नावे आहेत खरी. परंतु ती थोडी आहेत. आम्ही या आक्षेपापासून पळू इच्छीत नाही. पुरुषाने लिहिली म्हणून स्त्रीची वाणी खोटी ठरत नाही, आणि ती खरी आहे असे गृहीतही धरता येत नाही. परंतु आमच्या प्रश्नापुरते एवढे पुरे आहे की या देशाच्या पहिल्या कवींना आपला मुलूख सांगावयाचा झाला तेव्हा तो स्त्रीच्या डोळ्यांनी सांगावा असे वाटले. सेनापतीच्या डोळ्यांनी सांगावा असे वाटले नाही.

याला दुसरीकडूनही दुजोरा मिळतो. महाराष्ट्रात चालणारी भाषा ती उत्कृष्ट प्राकृत, असा निर्वाळा दंडीने काव्यादर्शात दिला आहे. संस्कृत नाटकांचा संकेत असा की नायिका व तिच्या सख्या गद्य बोलतात ते शौरसेनीत, पण गातात ते महाराष्ट्रीत. म्हणजे उज्जयिनीस किंवा कनोजास जो प्रेक्षक नाटक पाहण्यास बसे, त्याच्या कानी महाराष्ट्राचा शब्द पडे तो गाणाऱ्या स्त्रीच्या कंठातून. या मानात अपमानही मिसळलेला आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. राजा व ब्राह्मण यांच्यासाठी संस्कृत राखून ठेविली, म्हणून तर स्त्रियांच्या वाट्याला प्राकृत आली. पण वाट्याला आलेल्या त्या भाषेत गाण्यासाठी महाराष्ट्राचीच वाणी निवडावी लागली.

हजार वर्षांनंतर हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि या वेळी भाषा मराठी होती. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी पैठणात राहिले. त्यांची एकनिष्ठ अनुयायी बाइसा तेथलीच. आपल्या अनुयायांनी महाराष्ट्रातच राहावे, असे त्यांनी सांगितल्याचे महानुभावांच्या सूत्रपाठात नमूद आहे. महाराष्ट्र हे नाव आचारधर्माचा भाग म्हणून उच्चारले जाण्याचा हा फार जुना दाखला होय. त्यांच्यामागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशिराज हा मोठा संस्कृत पंडित. त्याने पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात रचावयास घेतले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यास अडविले, असे स्मृतिस्थळात सांगितले आहे. कारण काय दिले? तर अशाने माझ्या म्हाताऱ्या बाया या ज्ञानास मुकतील. मराठीच्या अभिमानाची जी कारणे पुढे सातशे वर्षे दिली गेली, त्यांत इतके साधे आणि इतके खणखणीत कारण आम्हांस दुसरे सापडलेले नाही. आणि ज्या पंथात हे शब्द उच्चारले गेले, त्याच पंथात महदाइसेने ऋद्धिपुरास 'धवळे' रचून मराठीतील आद्य कवयित्री हे पद मिळविले. म्हणजे येथे स्त्रीच्या तोंडी कोणी शब्द घातले नाहीत. ती स्वतः बोलली.

सतराव्या शतकात, शिवाजीमहाराजांच्याच काळात, या जिल्ह्यातील वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या बहिणाबाईने आपले आत्मचरित्र अभंगांत लिहिले. जन्म १६२८ सालचा मानितात, मृत्यू १७०० सालचा. समाधी वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे आहे. देवगावापासून कोल्हापूर व देहूपर्यंतचा तिचा प्रवास म्हणजे जवळजवळ सबंध पश्चिम महाराष्ट्राची पायपीट होय. पण तिच्या महाराष्ट्रात किल्ले नाहीत. गावे येतात ती तीर्थांच्या, नात्यांच्या आणि नवऱ्याच्या माराच्या आठवणींनी. स्त्रीदेहाला वेदाचा अधिकार नाही, या गोष्टीचे दुःख तिने ज्या रोकठोकपणे मांडिले आहे, त्यापुढे पुष्कळ वीरकाव्य फिके पडते. स्वराज्य उभे राहत असताना त्याच मुलखात एक बाई दुसऱ्याच स्वातंत्र्याचा विचार करीत होती, याची नोंद आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी क्वचितच घेतली आहे.

मग कडा, किल्ला आणि घोडा यांनीच सारी जागा का व्यापावी? यास शिवकालाचे तेज हे पहिले कारण, आणि ते कोणी नाकारणार नाही. राज्य गेल्यावर एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षितांस गेलेल्या राज्याची आठवण हाच आधार वाटला. न्यायमूर्ती रानडे यांचा मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथ १९०० साली निघाला तो याच भुकेपोटी, जरी संतांना त्यात रानड्यांनी मोठे स्थान दिले आहे. परंतु दुसरे एक कारण नकाशात आहे आणि त्याकडे दुर्लक्ष झाले आहे, असे आम्हांस वाटते. १७२४ नंतर मराठवाड्याचा बहुतेक भाग निजामाच्या राज्यात गेला. औरंगाबाद हे काही काळ त्याचे राजधानीचे शहर होते. ती १७६३ साली हैदराबादेस हलली. कोल्हटकर-गोविंदाग्रजांच्या काळी पैठणास जाणे म्हणजे परक्या संस्थानात जाणे होते. महाराष्ट्राचे गीत लिहिणाऱ्या कवीच्या खिडकीतून दिसत असे तो सह्याद्री. गोदावरीची सपाट काळी भूमी १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. तोपर्यंत प्रांताची प्रतिमा घडून गेलेली होती.

तिसरे कारण सोवळेपणाचे. गाथासप्तशती प्रथम छापून काढिली ती वेबरने, जर्मनीत, १८७० व १८८१ साली. मुंबईच्या निर्णयसागराने काव्यमालेत ती १८८९ साली छापली ती गंगाधरभट्टाच्या संस्कृत टीकेसह, म्हणजे संस्कृत जाणणाऱ्या पुरुषांसाठीच. ज्यांच्या बोलण्याने हा ग्रंथ भरला आहे, त्यांच्या पणतींना तो वाचता येऊ नये अशी व्यवस्था आपोआप झाली. केशिराजाला अडविणारा नागदेव या वेळी कोणी भेटला नाही. संसारी स्त्रीने संकेताच्या जाळीविषयी बोलावे, हे ज्या काळास सहन होईना, त्या काळास हा ग्रंथ आपला आदिग्रंथ म्हणून डोक्यावर कसा घेता येणार?

आज तो डोक्यावर घेतला गेला आहे. मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी २०१२ साली नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने नाणेघाटचा लेख, गाथासप्तशती आणि लीळाचरित्र यांचा आधार घेतला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. म्हणजे एका राणीचा लेख, गावच्या बायांची बोलणी आणि ज्या पंथाने म्हाताऱ्यांसाठी मराठी राखली त्याचा ग्रंथ, या साक्षीदारांवर आपण हा दावा जिंकला आहे. साक्षीदारांचे म्हणणे मात्र निकालपत्रासोबत कोणी फारसे वाचलेले दिसत नाही.

गाथासप्तशतीची मराठीतील थोर आवृत्ती सदाशिव आत्माराम जोगळेकर यांनी १९५६ साली पुण्यास काढिली; मराठवाडा मुंबई राज्यात आला तेच हे वर्ष. विस्तृत प्रस्तावना आणि प्रत्येक गाथेचा मराठी अर्थ देऊन त्यांनी हा ग्रंथ साध्या वाचकापुढे ठेविला. याच जोगळेकरांनी त्याच्या काही वर्षे आधी घाट, कडे, किल्ले आणि वाटा पायांखाली घालून 'सह्याद्री' हा प्रचंड ग्रंथ लिहिला होता.